कवितेवरचा हाताने रंगवलेला लघुपट: रंग कुठला घ्यायचा आणि पुसायचं काय

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही जलरंगात काम करता. एका हयात कवयित्रीची २२ ओळींची मुक्तछंदातली कविता तुम्ही निवडली आहे. संध्याकाळी एक म्हातारी दोरीवरचे वाळलेले कपडे काढते, एकेक कपडा हातात आला की घरातलं एकेक माणूस आठवतं, आणि शेवटी दोरी रिकामी होऊन चिमटे तेवढे उरतात. यावर पाच मिनिटांचा, सगळ्या फ्रेम हाताने रंगवलेला लघुपट तुम्हाला एकहाती करायचा आहे. स्टोरीबोर्ड तयार आहे, ओळीला एक याप्रमाणे २२ चित्रं. तुम्हाला हवंय ते असं: रंग कुठला, कागद की काच, चित्रं किती लागतील, कविता वाचून दाखवायची का, आणि शेवटचे चिमटे कसे दाखवायचे.

मी वीसेक वर्षं कॅमेऱ्याखाली रंगवतेय. सहा लघुपट पुरे झाले, दोन अर्धवट पडून आहेत. त्या दोनांतला एक कवितेवरचाच होता. तो का बुडाला हे आता मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याचा स्टोरीबोर्ड मी अगदी तुमच्यासारखाच केला होता. म्हणून रंगाकडे नंतर येते.

ओळीला एक चित्र केलं की ऐकणाऱ्याला 'फ्रॉक' ऐकू येतो आणि त्याच क्षणी पडद्यावर फ्रॉक दिसतो. पाठ्यपुस्तकात कवितेशेजारी चित्र छापतात, तसलाच प्रकार. पुस्तकात ते खपतं. वाचणारा मनात आलं तर चित्राकडे बघतो, नाहीतर पान उलटतो. पडद्यापुढे बसलेल्याला ती मोकळीक नसते. तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्याच्या लक्षात येतं की आता जे ऐकू येईल तेच दिसणार, आणि मग तो बघायचं सोडून नुसता ऐकत राहतो. तुम्ही महिनोन् महिने खपून रंगवलेलं सगळं मागच्या पडद्यासारखं होऊन जातं.

मी आता कविता हातात आली की एक करते. नामं सोडून देते आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारते. तुमच्या सारांशावरूनच बघा: काढते, आठवतं, रिकामी होते, उरतात. ही कविता वजाबाकीची आहे. प्रत्येक कपड्यागणिक दोरीवरचं काहीतरी कमी होत जातं. तुमच्या स्टोरीबोर्डमध्ये मात्र दर दोन-तीन ओळींना एक नवा चेहरा येऊन बसतो. कविता एकेक वस्तू उचलून नेतेय आणि चित्रं भर घालत सुटली आहेत. माझ्या मते तुमची खरी अडचण ही आहे, आणि रंग कुठला याचं उत्तरही इथेच मिळतं.

कागदावर आणि काचेवर रंगवण्यातला फरक लोक बहुतेक वेळा 'दिसतं कसं' या अंगाने सांगतात. कामाच्या अंगाने तो वेगळाच आहे. कागदावर प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र असतं. दोन हजार चित्रं म्हणजे दोन हजार कागद, सगळे शाबूत. चुकलं तर एक कागद बदलता येतो, मधे एखादं चित्र घालता येतं, उद्या प्रदर्शनात मांडता येतात. काचेवर एकच चित्र असतं. त्याचा फोटो काढायचा, मग तेच थोडं पुसायचं, थोडं रंगवायचं, पुन्हा फोटो. शॉट संपतो तेव्हा तुमच्याकडे शेवटची फ्रेम तेवढी काचेवर असते, बाकीचं सगळं कॅमेऱ्यात. मागे जाता येत नाही. दहाव्या फ्रेममधली चूक तिसाव्या फ्रेमला दिसली, तर शॉट पहिल्यापासून.

तुमची कविता वजाबाकीची आहे, म्हणून मी काच सुचवेन. ती का, हे एका शॉटवरून सांगते.

समजा दोरीवर पांढरा सदरा आहे. काचेखालून उजेड सोडला असेल तर पहिल्याच दिवशी एक धक्का बसतो: पांढरा रंग काळा दिसतो. पांढरा अपारदर्शक असल्यामुळे खालचा उजेड अडवतो, आणि कॅमेरा वरून पाहत असतो. म्हणजे खालून उजेड असताना पांढरा सदरा रंगवता येतच नाही. तो पुसून काढावा लागतो. आधी सगळ्या काचेवर संध्याकाळ पसरायची, निळसर करडी, खाली थोडा गेरू. मग ओलसर सुती कापड बोटाला गुंडाळून त्या संध्याकाळीतून सदऱ्याचा आकार पुसायचा. जिथे रंग नाही, तिथे सदरा आहे.

आता तो हलवायचा. पुढच्या फ्रेमसाठी सदऱ्याची डावी कड दोन मिलिमीटर उजवीकडे न्यायची आहे. तर डावीकडे उघडी पडलेली काच पुन्हा संध्याकाळच्या रंगाने भरायची आणि उजवीकडे तेवढंच नव्याने पुसायचं. तो भरलेला रंग आधीच्या रंगाशी कधीच शंभर टक्के जुळत नाही. किंचित फिका राहतो, ब्रशची दिशा वेगळी पडते. असं पन्नास वेळा झालं की सदऱ्याच्या मागे तो जिथे जिथे होता तिथली एक पुसट माग राहते. नवखे लोक ही माग घालवायला जिवाचं रान करतात. तुम्ही करू नका. 'इथे कोणीतरी होतं' हे तुमची कविता जे म्हणते, ते ही माग फुकटात म्हणते. त्यासाठी चेहरा काढायची गरज उरत नाही.

चेहरे अजिबातच नकोत का? मी एकही ठेवला नसता, पण निर्णय कविता पूर्ण वाचलेल्या माणसाने घ्यावा, म्हणजे तुम्ही. कवितेत एखाद्या चेहऱ्याचं थेट वर्णन असेल तर एक ठेवा. सहा नकोत.

चेहऱ्याऐवजी वाऱ्याकडून काम करून घ्या. दोरीवरचा कपडा वर चिमट्यांनी धरलेला असतो, म्हणून त्याची हालचाल वरून सुरू होते आणि लाट खाली उतरते. खालची कड सगळ्यात शेवटी हलते. बाहीचं टोक अंगापेक्षा दोन-तीन चित्रं मागे असतं. झुळूक आत शिरते तेव्हा आधी पोट फुगतं, मग खांदे उचलतात आणि बाह्या शेवटी वर येतात. क्षणभर सदऱ्यात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. वारा पडला की पोट एकदम बसतं, बाह्या मात्र रेंगाळत खाली येतात. मी भरायला चौदा चित्रं दिली असती, पोट बसायला चार आणि बाह्या उतरायला नऊ. भरतानाची चित्रं उलट क्रमाने लावून रिकामं होणं दाखवलं तर तो कपडा रबरासारखा दिसतो. हा मोह टाळा.

प्रत्येक कपड्याला त्याचा त्याचा वारा द्या. फ्रॉक हलका, तो झुळकीआधीच उडतो. जाड टॉवेल नुसता कोपरा हलवतो. कोणाचा कपडा कसा हलतो यावरून माणूस कळतं, आणि हे कवितेत लिहिलेलं नसल्यामुळे चित्राला स्वतःचं काहीतरी सांगायला मिळतं.

काचेची एक खोड आधीच सांगून ठेवते. ओला रंग एका आकारातून दुसऱ्यात इतक्या सहज सरकतो की सदऱ्याचा पक्षी, पक्ष्याचा ढग, ढगाची म्हातारी असं करत राहावंसं वाटतं. कॅरोलिन लीफ यांनी १९७६ साली काचेवर रंगवलेल्या लघुपटात कट न करता रंगच सरकवत एका दृश्यातून दुसऱ्यात नेलं आहे, आणि तिथे ते शोभतं, कारण ती गोष्ट आठवणीतून आठवणीत जाणारी आहे. तुमच्या बावीस ओळींत अशी सरकती जागा मला एखादीच दिसते. बाकी ठिकाणी साधा कट पुरतो.

आता रंग. काचेवर लागतो तो वाळायला वेळ घेणारा किंवा वाळला तरी ओल्या कापडाने पुन्हा उठणारा. ॲक्रिलिक यासाठी बाद. ते काही मिनिटांत पापुद्रा धरतं आणि मग पुसलं जात नाही, सोलून निघतं. तैलरंग उत्तम. अलेक्झांडर पेत्रोव्ह यांनी १९९९ साली हेमिंग्वेच्या कादंबरिकेवर केलेला वीस मिनिटांचा लघुपट काचेवर तैलरंगातच आहे. त्यात २९ हजारांहून जास्त चित्रं आहेत, बरंचसं काम ब्रशऐवजी बोटांनी केलेलं. तैलरंगात लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब घातले की तो आणखी सावकाश वाळतो. खोली मात्र हवेशीर पाहिजे. आणि तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पण तुम्ही जलरंगातले आहात, आणि हातात बसलेलं माध्यम सोडू नये असं मला वाटतं. जलरंग किंवा गॉश (अपारदर्शक जलरंग) काचेवर चालतात. नुसत्या पाण्यात कालवले तर काचेवर मोत्यांसारखे गोळा होतात, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे रंग पसरतो. वाळू नये म्हणून ग्लिसरीन. प्रमाण तुमच्या खोलीवर आहे. कोरड्या हवेत जास्त, दमट हवेत कमी, आणि जास्त झालं तर रंग चिकट होऊन कापडाला ओढतो. मी आठ भाग रंगाला एक भाग ग्लिसरीनने सुरुवात करते आणि पहिल्या दिवशी नुसती चाचणी घेते: तासाभराने तो नीट पुसला जातो का? खालचा उजेड एलईडीचा ठेवा. जुने बल्ब काच तापवतात आणि तापलेल्या काचेवर कुठलाच रंग ओला राहत नाही.

जलरंगाचा एक गुण इथे तुमच्या बाजूने आहे. रंगाचा पारदर्शक, पातळ थर खालच्या उजेडात इतका उजळतो की कागदावर तसा कधी दिसत नाही.

काच नकोच असेल, मागे जाता येत नाही हे मनाला झेपत नसेल, तर कागद घ्या. त्यात कमीपणा काही नाही. कोणाला काय झेपतं हा स्वभावाचा प्रश्न आहे. मी दोन फार चांगले चित्रकार पाहिलेत, जे काचेपुढे तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले. कागदावर करायचं तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) घ्या, नाहीतर पाण्याने तो फुगून वाकतो आणि कॅमेऱ्याखाली सावल्या पडतात. प्रत्येक कागदाला भोकं पाडून तो पेगबारवर (खुंट्या असलेल्या पट्टीवर) बसवा, म्हणजे सगळे एकाच जागी येतात. आणि जलरंग वाळल्यावर फिका होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण लागोपाठच्या चित्रांत तो सारख्याच प्रमाणात फिका व्हायला हवा, म्हणून शॉटभराचा रंग एकदाच कालवून झाकणाच्या डब्यात ठेवायचा. रोज नवा कालवलात तर सदरा रोज वेगळ्या पांढऱ्याचा होईल.

आकार छोटा ठेवा. ३२ बाय १८ सेंटिमीटर हे १६:९चं सोपं माप आहे. मोठ्या काचेवर काम 'खरं' वाटतं, पण प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ जातो.

संख्येचं गणित. पडदा सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. हाताने रंगवताना बहुतेक जण एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पाच मिनिटांची झाली ३६००. आता कविता मोठ्याने, न घाईने वाचा आणि घड्याळ लावा. २२ ओळी मुक्तछंदातल्या, माझा अंदाज सव्वा ते दीड मिनिट. सव्वा मिनिटाच्या कवितेला पाच मिनिटं ताणलं तर मधे काय भरणार? चेहरेच. तुमचे चेहरे कदाचित तिथूनच आले असतील. तीन मिनिटं पुरे.

तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, २१६० चित्रं. त्यातला मिनिटभर तुम्ही जवळजवळ स्थिर शॉटना देऊ शकता: रिकामं अंगण, दोरी, उजेड उतरताना. तिथे सारख्याच तीन-चार चित्रांचं आवर्तन पुरतं. एकच चित्र गोठवून ठेवलं तर तेवढ्यापुरता लघुपट मेल्यासारखा वाटतो, तीन चित्रांत तो श्वास घेतो. ते आवर्तन सोडलं तर उरलेल्या १२० सेकंदांची १४४० चित्रं. काचेवर एका चित्राला मला सरासरी दहा मिनिटं लागतात. हे झाले २४० तास. कॅमेऱ्याखाली दिवसाला चार तासांपेक्षा जास्त नीट काम होत नाही, डोळे थकतात आणि पुसणारा हात आडदांड होतो. म्हणजे ६० दिवस, शॉट पुन्हा करावे लागले नाहीत तर. लागतात. तीन महिने धरा. कागदावर एका चित्राला पंचवीस मिनिटं धरली तर ६०० तास, चार तासांच्या हिशेबाने १५० दिवस.

सेकंदाला ८ चित्रंही चालतात, संथ शॉटमध्ये लक्षातही येत नाही. वाऱ्याला मात्र १२ द्या.

व्हॅन गॉगवरच्या २०१७च्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात सुमारे ६५ हजार तैलचित्रं होती, हा आकडा कोणीतरी तुम्हाला ऐकवेलच. तिथे शंभरहून जास्त चित्रकार होते. मनावर घेऊ नका.

कविता ऐकवायची का? ऐकवा, पण सगळ्यात आधी ध्वनिमुद्रण करा. कच्चं, फोनवर का होईना. ते संगणकावर ठेवून त्याखाली स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावा आणि हा ॲनिमॅटिक रोज एकदा, आठ दिवस बघा. कुठे कंटाळा येतो ते चौथ्या दिवशी कळतं, आणि तेव्हा खोडायला फक्त पेन्सिलीची चित्रं असतात.

इथे मराठीची एक गंमत उपयोगी पडते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. 'तिनं चिमटा काढून निळा सदरा हातात घेतला' असं वाक्य असेल तर ऐकणाऱ्याला सदरा आधी मिळतो, त्याचं काय झालं ते अगदी शेवटी. 'सदरा' म्हणताच तुम्ही तो दाखवलात, तर पुढचं सगळं वाक्य प्रेक्षक नुसता थांबून ऐकतो. 'घेतला'वर हालचाल केलीत, तर कवायत होते. मी चित्र वाक्याच्या आधी नेते किंवा पुढच्या शांततेत टाकते. हात दोरीकडे आधी जातो, कोणी काही बोलत नसताना. वाक्य सुरू होतं तेव्हा आपण वाऱ्याने हलणारी नुसती बाही बघतोय. आणि वाक्य संपल्यावर, एक श्वास गेल्यावर, दोरीवरची ती जागा काळोखाने भरते. कवितेत शब्दांचा क्रम उलटासुलटा असतो, त्यामुळे हा नियम ओळीगणिक तपासावा लागतो. पण ऐकू येणारं आणि दिसणारं एकाच ठोक्यावर पडू द्यायचं नाही, एवढं धरून चाला.

तुमची कविता मुक्तछंदात आहे म्हणून बरं. वृत्तात असती तर आणखी एक सापळा होता. पादाकुलकासारख्या वृत्तात ओळीला १६ मात्रा, आठ-आठच्या दोन आवर्तनांत. मात्रेला पाव सेकंद धरला तर आठ मात्रा बरोबर दोन सेकंद, म्हणजे २४ चित्रं. मग कपड्याचं हेलकावणंही २४ चित्रांचं करावंसं वाटतं आणि तो वृत्तावर नाचू लागतो. तसं असेल तर हेलकावा १९ किंवा २९ चित्रांचा ठेवायचा, म्हणजे तो ओळीशी कधी जुळतो, कधी निसटतो.

शब्दांशिवायही करता येतं. गटेची १७८२ सालची 'एर्लकोनिग' ही कविता घेऊन जॉर्ज श्वित्सगेबेल यांनी २०१५ साली हाताने रंगवलेला लघुपट केला, शूबर्ट आणि लिस्ट यांच्या संगीतावर. त्या कवितेत घोडदौड आहे, गोष्ट आहे, ती हालचालीतून कळते. तुमच्या कवितेत घडतं फारच थोडं. शब्द काढले तर एक बाई कपडे काढते एवढंच दिसेल. म्हणून ऐकवा म्हणते. ऐकवताना पडद्यावर त्याच भाषेत ओळी छापू नका मात्र. डोळे वाचायला लागले की बघत नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल थोडं, कारण इथेच माझा पहिला लघुपट मार खाऊन गेला. अकरा दिवस एक शॉट रंगवला, चारशे फ्रेम. खिडकीला पडदा होता, पण पातळ. चालवून पाहिलं तर चित्र धपापत होतं. बाहेर ढग आला की अंधारतं, गेला की उजळतं. बाहेरचे अकरा दिवस पडद्यावर सतरा सेकंदांत आले होते, ऊन-सावल्यांसकट. त्यातलं काही वाचलं नाही.

तेव्हापासून खोली पूर्ण काळोखी ठेवते, अंगात काळे कपडे घालते (पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं), आणि कॅमेऱ्यावर ऑटो म्हणून जे जे असेल ते बंद. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, स्टॅबिलायझर, सगळं. तरीही बारीक लुकलुक राहिली तर दोष लेन्सचा असतो. डिजिटल लेन्स प्रत्येक फोटोला आपलं छिद्र मिटून उघडते, आणि ते दर वेळी केसभर वेगळं मिटतं. यावर उपाय म्हणजे छिद्र हाताने फिरवायची जुनी लेन्स. एकदा लावलं की ते हलत नाही. एलईडीच्या लुकलुकीसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवा, पाव सेकंद किंवा त्याहून जास्त, म्हणजे चढउताराची सरासरी होते. आणि कॅमेऱ्याचा स्टँड तुम्ही ज्या टेबलावर पुसता त्या टेबलाला जोडू नका. पुसताना टेबल हलतंच.

परवानगीचं काम रंगाला हात लावण्याआधी. कवयित्री हयात आहेत, तेव्हा लेखी हवी, आणि त्यात काय काय येतं ते स्वच्छ लिहिलेलं असू द्या: कवितेवरून लघुपट करणं, ती वाचून घेणं, महोत्सव, इंटरनेट, इतर भाषांतली उपशीर्षकं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि भाषांतर हा स्वतंत्र हक्क आहे. कविता जुनी असती तरी हिशेब करावा लागला असता. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, अनेक देशांत ७० वर्षं. वाचणाऱ्याच्या आवाजाचीही वेगळी संमती घ्या. आणि ॲनिमॅटिक कवयित्रींना दाखवा. माझ्या एका लघुपटात वाचणाऱ्याकडून एका ओळीतला 'तरी' गळला होता, तो कवीनेच पकडला. तेव्हा फक्त पेन्सिल खोडावी लागली.

सुरुवात कशी करायची? पूर्ण स्टोरीबोर्ड आठवडाभर बाजूला ठेवा. फक्त सदऱ्याचा शॉट घ्या, दहा सेकंदांचा, १२० चित्रं. फुगणं, बसणं, हात येणं, काढणं, जागा भरून येणं. एवढ्यात तुम्हाला ग्लिसरीनचं प्रमाण कळेल, एका चित्राला लागणारा तुमचा वेळ कळेल (माझे दहा मिनिटं तुमचे अठरा असू शकतात, मग वरचं सगळं गणित पुन्हा मांडा), आणि काच तुमच्या स्वभावाला मानवते का तेही. नाही मानवली तर कागद आहेच. आठवड्याचंच नुकसान.

राहिले चिमटे. त्यांच्यासाठी दुसरी काच घ्या, पहिलीच्या वर काही मिलिमीटर अंतरावर, चार कोपऱ्यांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून. लेन्सचं छिद्र पुरेसं बारीक ठेवलं तर दोन्ही काचा फोकसमध्ये राहतात. काम खालच्या काचेवर करायचं असल्यामुळे वरची उचलावी लागते, म्हणून टेबलावर कोन पक्के ठोका, म्हणजे ती दर वेळी त्याच जागी येऊन बसेल. या वरच्या काचेवर दोरी आणि चिमटे गडद, अपारदर्शक रंगाने काढा. खालून येणाऱ्या उजेडात ते काळे दिसतील. म्हातारीचा हात खालच्या काचेवर आहे, तोही उजेड अडवणारा, म्हणून चिमट्यापाशी आला की दोन्ही काळे एकमेकांत मिसळतात आणि चिमटा उघडला की नाही हे कोणाला दिसत नाही. हात बाजूला होतो तेव्हा कपडा गेलेला असतो, चिमटा जागेवर असतो. असे पाच-सहा कपडे गेले की खालच्या काचेवर नुसती संध्याकाळ आणि तिच्यातली फिकट माग राहते, वर चिमटे. शेवटच्या शॉटसाठी वेगळं काहीच रंगवावं लागत नाही.

त्या वरच्या काचेसाठी मात्र ॲक्रिलिकच घ्या, कारण तिथे ते पुसलं न जाणंच हवंय. धूळ बसली तर ब्लोअरने उडवा, कापड लावू नका.